आईसोबत 'ल सामुराई'

परदेशी सिनेमा बघताना मी आईच्या शेजारी बसून संवाद सांगत असते. सबटायटल्सचं इंग्रजी तिला कळतं, पण ओळ वाचून होईपर्यंत चित्र पुढे गेलेलं असतं. झाँ-पिएर मेलव्हिलचा 'ल सामुराई' (१९६७) लावला, तेव्हाही मी तयारीत होते. पण पहिली जवळजवळ दहा मिनिटं कुणी बोलतच नाही.

पॅरिसमधली करड्या भिंतींची खोली, मधोमध पक्ष्याचा पिंजरा. पलंगावर कुणीतरी आहे हे सिगारेटचा धूर वर चढल्यावर कळतं. मग जेफ कॉस्तेलो, म्हणजे आलाँ दलाँ, उठतो, रेनकोट चढवतो, आरशापुढे हॅटच्या कडेवरून बोटं फिरवतो. खाली रस्त्यावर कुणाचीतरी सित्रोएन उभी असते, तिच्यात जाऊन बसतो. किल्ल्यांचा भलामोठा जुडगा शेजारच्या सीटवर ठेवून एकेक किल्ली लावून बघतो. नजर समोर, चेहरा निर्विकार.

"लागेल एखादी," आई पुटपुटली.

हा सुपारी घेऊन खून करणारा आहे हे तिला अजून ठाऊक नव्हतं, पण गाडी चोरतोय हे तर दिसतच होतं. तरी किल्ली लागावी असं तिला वाटलं! या सिनेमाची सगळी ओढ मला तिथेच दिसते. मेलव्हिल कुठलंही काम मधेच तोडत नाही. किल्ली, गॅरेजमध्ये बदललेली नंबरप्लेट, हातात चढवलेले पांढरे मोजे हे सगळं तो पुरतं दाखवतो, आणि बघता बघता आपण त्या माणसाच्या बाजूचे होऊन जातो. याला कुणी संथ म्हटलं की मला वाईट वाटतं. इतकं ताणून धरणारे सिनेमे मी थोडेच पाहिलेत.

"रंग उडालेत का गं?" आईनं विचारलं. उडालेले नाहीत, मुद्दाम तसे ठेवलेत. मेलव्हिलला रंगीत फिल्मवर कृष्णधवल सिनेमा करायचा होता, आणि छायालेखक आंरी दकाए यांनी तो निळ्या-करड्या छटांत करून दाखवला.

क्लबमधल्या खुनानंतर पोलीस चौकीत झालेल्या ओळख परेडीला आई सरसावून बसली. कमिशनर जेफची हॅट एकाला घालायला लावतो, कोट दुसऱ्याला. साक्षीदार मात्र हॅट, कोट आणि चेहरा तिन्ही अचूक वेगळे काढतो. आणि जिनं खुनानंतर त्याला समोरासमोर पाहिलेलं असतं, ती क्लबमधली पियानोवादक ठामपणे सांगते, हा तो नव्हे. का, हे सिनेमा सरळ सांगत नाही.

पुढे पोलीस जेफच्या खोलीत चोरून मायक्रोफोन बसवून जातात. पिंजऱ्यातला पक्षी फडफडत राहतो. जेफ परत यायच्या आधीच आई म्हणाली, "आता पाखरू सांगेल बघ त्याला." जेफ आला, पिंजऱ्याजवळ थांबला, गळलेली पिसं पाहिली आणि खोली धुंडाळू लागला. मला एक शब्दही सांगावा लागला नाही.

त्याच वर्षी मेलव्हिलचा स्वतःचा स्टुडिओ आगीत जळाला आणि त्यात तो पक्षीही गेला. हे आईला नंतर सांगितलं, तर ती माझ्यावरच रागावली, की हे सांगायची काय गरज होती.

शेवटाबद्दल आमचं जमलेलं नाही. जेफ शेवटी क्लबात जातो, हॅट ठेवायला देतो आणि तिचा बिल्ला काउंटरवरच सोडून पुढे जातो. तो मरायलाच आलाय हे मला तेव्हा कळलं. आईच्या मते त्यानं हे आधीच, पियानोवादकेनं त्याला वाचवलं तेव्हाच ठरवलं होतं. तिचा उपकार त्याला फेडायचा होता. मला ते पटत नाही, कारण उपकाराची भाषा त्याच्या वागण्यात कुठे दिसत नाही. आई म्हणते, त्याच्या वागण्यात दुसरं आहेच काय?

पुढच्या रविवारी मेलव्हिलचाच 'ल सर्कल रूज' (१९७०) बघायचा ठरलाय. त्यातही दलाँ आहे, आणि दरोड्याचा लांबलचक प्रसंग जवळजवळ संवादाविना आहे. आईला एवढंच सांगून ठेवलंय.