दहा, आठ, सहा

माकणीत लग्नाच्या केकची ऑर्डर देताना लोक आधी किलो सांगतात, मग मजले. इंचाचं नाव कुणी काढत नाही. सुरुवातीला मीही काढत नव्हते. वाढदिवसाचे, डोहाळजेवणाचे एकमजली केक घरच्या ओव्हनमध्ये करून हात बसला होता. तेवढ्यात गावातल्याच एका घरून निरोप आला की, पोरीच्या लग्नात स्टेजवर तीन मजली केक पाहिजे आणि तो भरपूर दिसला पाहिजे.

भरपूर म्हटल्यावर मी घरातले मोठ्यात मोठे टिन काढले. दहा, नऊ आणि आठ इंची. थरावर थर चढवला आणि लांबून पाहिलं तर समोर ज्वारीची कणगी उभी, वरून पांढरी सारवलेली. दोन थरांमध्ये जेमतेम अर्ध्या इंचाची कड, तिथं गुलाबाची पाकळीसुद्धा बसेना. त्यात मे महिना, वर पत्रा. क्रीमला घाम सुटला, वरचा थर मधल्यात रुतला आणि मधल्याचं पोट बाहेर आलं. नवरानवरीनं सुरी लावेपर्यंत मी पदराची गाठ घट्ट धरून उभी होते. फोटोत केक डावीकडं कललेला आहे. फोटोवाल्यानं कॅमेरा वाकडा धरला, असं त्या घरचे अजून सांगतात. भली माणसं.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तो फोटो हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘उतरंड रचलीस का कधी?’

मी कुठली रचते. त्यांच्या माहेरी होती. खाली डेरा, त्यावर मडकं, त्यावर गाडगं, टोकाला येळणी. ‘वरच्याचं बूड खालच्याच्या तोंडात बसावं लागतंय. काठावर ठेवलं की गेलंच.’ ती उतरंड ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात गेली, भिंतींसकट. तेव्हा या पट्ट्यात बहुतेक घरं दगडमातीची, वर मातीचं जड माळवद. तेव्हापासून उंचावर काही जड दिसलं की आत्यांची नजर आधी बुडाकडं जाते. कपाटावर साधी ट्रंक ठेवू देत नाहीत.

पुढची ऑर्डर डिसेंबरातल्या लग्नाची आली, तेव्हा मी आधी वही घेतली. दहा इंची गोल थराचं तोंड साधारण ७८ चौरस इंच, आठचं ५०, सहाचं २८. एक बाय दोन इंचाचा तुकडा धरला तर ३९, २५ आणि १४, मिळून ७८ तुकडे. माझ्या कणगीचे झाले असते ९५. म्हणजे सतरा तुकड्यांपायी मी तो सगळा घोळ घातला होता! बारा इंची थर सहाच्या दुप्पट नसतो, चौपट असतो, हेही त्याच रात्री कळलं. शाळेत वर्तुळाचं क्षेत्रफळ पाठ होतं, पण ते केकला लावायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

दहा-आठ-सहा ठरलं. प्रत्येक थराभोवती एक इंच कड मोकळी राहते, तिथं फुलं मावतात. बारा-नऊ-सहा याहून देखणं दिसतं, पण बाराचा टिन माझ्या ओव्हनच्या भिंतीला टेकतो आणि त्या बाजूनं करपतो. उंची तिन्ही थरांची चार इंच ठेवली. पाच केली की सहा इंची थर मापट्यासारखा ताठ दिसतो.

मुलीच्या मामांना मात्र पाच मजले हवे होते. ‘पुण्यात साडूच्या पोरीला पाच होते.’ मी म्हटलं, खालचे दोन खोटे करू, वरून क्रीम लावलं की कळत नाही. ते एकदम गंभीर झाले. ‘लग्नात खोटं कशाला?’ विषय मिटला. पानं पाचशे उठणार होती. तेवढ्यांना स्टेजवरचा केक कुठून पुरायचा? घरच्यांना आणि वऱ्हाडातल्या पोरांना वाटायला दहा बाय चौदाचे दोन साधे ट्रे वेगळे भाजले. सत्तर सत्तर तुकडे, शोभा काही नाही.

लोहाऱ्याच्या कार्यालयात थर वेगवेगळ्या खोक्यांतून नेले आणि तिथंच रचले. दहाच्या थरावर आठचा रिकामा टिन अलगद टेकवला, क्रीमवर गोल उमटला. त्या गोलाच्या आत सहा जाड स्ट्रॉ. पहिली तळापर्यंत खुपसली, क्रीमपाशी नखानं खूण केली, बाहेर काढून कापली आणि बाकीच्या पाच तिच्याच मापानं. एक जरी गव्हाएवढी उंच राहिली की वरचा थर तिरपा. मधल्या थरात चार. प्रत्येक वरच्या थराखाली पुठ्ठ्याची चकती, म्हणजे भार स्ट्रॉवर, खालच्या स्पंजवर नाही. आत्या खुर्चीवर बसून बघत होत्या. शेवटी उठल्या, मधल्या थराच्या कडेवर बोट न लावता बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ‘आता तोंडात बसलंय.’

रात्री चकत्या, स्ट्रॉ गोळा केल्या. दहा घातल्या होत्या, सापडल्या नऊ. दहावीनं एक पोरगं मंडपाच्या खांबाला टेकून मठ्ठा पीत होतं.