काचेपलीकडची ओळख

वार्धक्यात शरीराची शुश्रूषा करणारे हात मिळतात. मनाला गुंतवून ठेवणारे काही मिळणे मात्र कठीण. माझ्या यजमानांना स्मृतिभ्रंशाचे निदान होऊन ४ वर्षे झाली. वाचन सुटले, मालिकांचे कथानक लक्षात राहीना. टिकून राहिली ती नजर. नोकरीत ते आरेखक होते. रेषेतला बारीक फरक टिपणे त्यांच्या अंगवळणी पडलेले. त्या नजरेसाठी आम्ही बैठकीच्या खोलीत दोन फुटी काचपेटी ठेवली आणि तीत खुज्या सिक्लिड माशांची एक जोडी सोडली.

हे मासे जेमतेम बोटभर लांबीचे, पण त्यांची ओळख पटवून घेणे म्हणजे सावकाश करावयाचा अभ्यास आहे. आमची जोडी ‘अ‍ॅपिस्टोग्रामा काकाटुऑइडिस’ या जातीची. मूळ घर अ‍ॅमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात, पेरू देशाच्या बाजूला. नराच्या पाठीवरील पराचे पुढचे काटे काकाकुव्याच्या तुऱ्यासारखे उंच वाढतात, म्हणून हे नाव. मादी आकाराने लहान. तिच्या पोटाखालच्या परांची पुढची कड काळी असते आणि अंडी राखताना ती लिंबासारखी पिवळीधमक होते. ओरिनोको नदीच्या खोऱ्यातील ‘रॅम’ या जातीत मादीचे पोट गुलाबी दिसते. नायजेरियाकडील ‘क्रिबेन्सिस’ची मादी अधिक गोलसर, पोटावर जांभळट लाली असलेली, नराचे पर लांब व टोकदार. मात्र लहान वयात ही लक्षणे फसवी ठरतात. शिवाय बलवान नरासमोर दबलेला दुसरा नर मादीसारखाच दिसू शकतो. म्हणून एका दिवसात निर्णय देऊ नये.

यासाठी छायाचित्रे फार उपयोगी पडतात. माशाचा रंग मनःस्थितीनुसार बदलतो. भ्यालेल्या माशाच्या अंगावरील पट्टे निराळे आणि निवांत माशाचे निराळे. तेव्हा वेगवेगळ्या वेळी, बाजूने, पर पसरलेले असताना चित्र घ्यावे. आधी काच आतून-बाहेरून पुसावी. खोलीतले दिवे मालवून केवळ पेटीवरचा दिवा ठेवावा, म्हणजे काचेत आपलेच प्रतिबिंब उमटत नाही. मोबाईल काचेला समांतर धरावा, फ्लॅश बंद ठेवावा आणि माशाच्या डोळ्यावर रोख साधावा. माशामागे धावू नये. एक जागा धरून बसावे, मासाच तेथे येतो. थरथरत्या हाताला उशीचा किंवा पुस्तकांच्या चळतीचा आधार पुरतो. मी चित्रे मोठ्या आकारात छापून वहीत चिकटवते. यजमान त्याखाली ‘नर’, ‘मादी’ असे लिहीत असत.

गेल्या श्रावणातली गोष्ट. त्या सकाळी त्यांनी आमच्या लेकीला “आपण कोणाकडे आलात?” असे विचारले होते. ती स्वयंपाकघरात येऊन रडली. सायंकाळी त्यांनी मला हाक मारली, “अगं, ही पिवळी पडली बघ. करवंटीजवळ त्याला फिरकू देत नाही.” पाहिले तर नारळाच्या करवंटीत खरोखरच अंडी होती. लेक त्यांच्या शेजारी जाऊन बसली. नाव न विचारता दोघांनी अर्धा तास मासे पाहिले.

पुढे मुलाने सुचविले, “आई, बाबांचे करून तू थकतेस; पेटी तरी देऊन टाकू.” त्याची काळजी खरी होती. मी पेटी ठेवली, पण कामाची वाटणी करून. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या नॅन्सी एडवर्ड्स आणि अ‍ॅलन बेक यांचा २००२ सालचा अभ्यास माझ्या वाचनात आला होता: भोजनकक्षात मत्स्यपेटी ठेवल्यावर अल्झायमरचे रुग्ण अधिक अन्न घेऊ लागले. तेव्हापासून आमचेही जेवण पेटीसमोरच होते.

काही पथ्ये अवश्य पाळावीत. दोन फुटी पेटीतले पाणीच ५० किलोंच्या आसपास भरते. चौरंग भक्कम हवा. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलताना वृद्धांनी बादली उचलू नये. नळीने काढावे, लहान तांब्याने भरावे, सांडलेले तत्काळ पुसावे. नव्या पाण्यातील क्लोरिन आधी घालवावे. हात घालण्यापूर्वी विजेची बटणे बंद करावीत. हातावर जखम असल्यास पाण्यात हात घालू नये. अशा पाण्यातील काही जंतूंमुळे त्वचेवर दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या गाठी येतात. नंतर साबणाने हात धुवावेत. खाद्याचा डबा रुग्णाच्या हाती न देता दिवसाची चिमूटभर मात्रा पुडीत बांधून द्यावी, म्हणजे पुन्हापुन्हा खाद्य पडत नाही.

माशांनी आजार थांबविला, असे मी म्हणणार नाही. आता यजमानांना नर-मादीचा भेद सांगता येत नाही. वहीत ते काही लिहीत नाहीत. पण पेटीसमोर बसले की हातांची चाळवाचाळव थांबते, घास सहज उतरतो. शुश्रूषा करणाऱ्यांनी आपल्या माणसाच्या जुन्या सवयींत अजून काय शिल्लक आहे ते शोधावे. कोणाकडे कान शिल्लक असेल, कोणाकडे बोटे. आमच्याकडे नजर होती. तिच्या आधाराने आम्हांला दोन चांगली वर्षे मिळाली.