परसातील पाच बिया

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करीत निघून जाते, असे आमच्याकडे म्हणतात. ती नेमकी त्याच रात्री जाते की आणखी आठ दिवस कोपऱ्यात रेंगाळते, या वादात आम्ही पडत नाही. परंतु आमच्या परसाला मात्र ही तिथी ठाऊक असावी असे दिसते. वसंताचे वर्णन करावयाचे म्हणजे पळस, आंब्याचा मोहर आणि कोकिळा यांना बोलावणे धाडावे, असा वहिवाटीचा प्रघात आहे. मोरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या अळवाच्या शेजारी, चार हात लांबीच्या वाफ्यात वसंत कसा येतो, इकडे लक्ष द्यावयास मोठ्या लोकांना सवड झालेली दिसत नाही. आम्ही मोठे नसल्यामुळे आम्हांस ती भरपूर आहे.

वाफ्यातील प्रत्येकाची यावयाची तऱ्हा निराळी. मेथी उतावळी, तीनचार दिवसांतच सगळी एकदम डोके वर काढते. माठ इतका बारीक उगवतो की, वाफ्यावर कोणी चिमूटभर कुंकू शिंपडले आहे असा भास व्हावा. भेंडीला आठवडा लागतो. कोथिंबीर मात्र मानी. धणे रगडून, दुभंगून पेरले तरी ती आठदहा दिवस दर्शन देत नाही, आणि आता हिची आशा सोडावी असे मनात येते न येते तोच निमूटपणे वर येते.

परंतु यंदा आमचे चित्त या मंडळींत नव्हते. ते गुंतले होते दुधीच्या पाच बियांत.

आमच्या मातोश्रींना जाऊन या माघात चार वर्षे झाली. त्यांच्या हयातीत दरसाल एक दुधी वेलावरच जून होऊ दिला जाई. तो वाळून खडखडीत झाला, हलविला असता आत बिया खुळखुळू लागल्या, म्हणजे त्या काढून राखेत घोळून, जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधून फडताळात ठेवावयाच्या, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्यामागे तो क्रम आम्ही चालविला नाही. बाजारात दुधी मिळतो, ही सबब आम्हांस पुरेशी वाटली. यंदा फडताळ आवरताना ती पुरचुंडी हाती लागली. राख तशीच होती. बिया पाचच उरल्या होत्या. घरातून सूचना आली की, सगळ्या एकदम लावू नयेत. तेव्हा तीन लावावयाच्या आणि दोन ठेवावयाच्या, असे ठरले.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही आळे केले, शेणखत घातले आणि रात्रभर भिजविलेल्या दोन बिया पेरल्या. जुन्या बिया, अंगी जोर तो किती असणार, त्यांच्यावर मातीचा भार कशाला, या कळवळ्याने त्या अगदी वरवर पेरल्या. सहा दिवस गेले. सातव्या दिवशी आमच्याने राहवले नाही, आणि काडीने माती उकरून आम्ही एक बी पाहिली. तिला पांढरा कोंब फुटला होता. तो आमच्या काडीनेच मोडला. “बी उकरून पाहू नये रे, ज्याचा त्याचा वेळ असतो,” असे मातोश्री आम्हांस लहानपणी सांगत. ते त्या वेळी आठवले नाही, नंतर आठवले.

दुसरी बी नवव्या दिवशी वर आली, परंतु डोक्यावर टरफलाची टोपी घेऊन. आतील दोन दळे त्या टोपीत घट्ट अडकली होती. दोन दिवस आम्ही ही कोंडी पाहिली आणि तिसऱ्या दिवशी, साहाय्य म्हणून, ती टोपी दोन बोटांनी अलगद ओढली. टोपीबरोबर दळेही हाती आली. उरला तो नुसता देठ.

आता वाचावयास घेतले. डार्विनसाहेबांनी 1880 साली वनस्पतींच्या हालचालींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात भोपळ्याच्या जातीच्या रोपाची एक युक्ती वर्णिली आहे. अंकुराच्या बुडाशी एक लहानशी खुंटी फुटते. ती टरफलाचा खालचा काठ मातीत दाबून धरते, आणि वर वाकलेला देठ ताठ होऊ लागला की दळे टरफलातून आपोआप ओढून निघतात. म्हणजे टोपी काढण्याची सोय रोपापाशी होतीच. मात्र टरफल जागच्या जागी राहावयास वर मातीचा भार आणि ओलावा हवा. आम्ही दया करून जो भार टाळला, तोच त्याचा आधार होता. आधी आधार काढून घेतला, आणि मग मदतीस धावलो! मुलांच्या, शिष्यांच्या आणि आश्रितांच्या बाबतींत असे किती वेळा आमच्या हातून घडले असेल, याचा हिशेब आम्ही त्या दिवशी मांडावयास घेतला आणि अर्ध्यावरच सोडला.

तिसरी बी आम्ही अंगठ्याच्या एका पेराइतकी खोल पेरली, माती हलक्या हाताने दाबली, आणि सकाळसंध्याकाळ झारीने पाणी घालण्यापलीकडे तिकडे फिरकावयाचे नाही असा निश्चय केला. धुळवड झाली. लिंबाला तांबूस पालवी आली. दहाव्या दिवशी आळ्यात माती जराशी उचललेली दिसली. अकराव्या दिवशी वाकलेला देठ. बाराव्या दिवशी दोन दळे, स्वच्छ, मोकळी, हात जोडून उघडावेत तशी. टरफल मातीतच राहिले होते.

आज त्या रोपाला पाचवे पान आले आहे. त्याच्या बगलेतून केसाएवढा ताणा निघून हवेत काहीतरी चाचपीत आहे. आम्ही जवळ एक काठी रोवली आहे. तिच्यावर त्याला नेऊन गुंडाळलेले मात्र नाही. त्याची त्याला ती सापडेल. चैत्राचे ऊन कडक आहे, किडीची भीती आहे, आणि एका रोपाचा भरवसा तो काय! तथापि वेल मांडवावर चढलाच, तर त्याचा पहिला दुधी चुलीवर जावयाचा नाही, तो वेलावरच खुळखुळू द्यावयाचा, एवढे घरात ठरून गेले आहे. पुरचुंडीत दोन बिया अजून आहेत. सकाळी आम्ही आळ्यापाशी उभे राहतो ते हात मागे बांधून.