सातबाऱ्यावरचं एकच नाव

निवृत्तीनंतर गावाकडे घर बांधायचं, हे आमच्या घरात वीस वर्षं नुसतं बोलणं होतं. मे महिन्याच्या अखेरीला जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो, हातात थोडे पैसे आले आणि मी खरोखरच जागा बघायला लागलो. बायकोच्या अटी तीन होत्या. साताऱ्याचे दवाखाने अर्ध्या तासावर हवेत, अजान कानावर पडायला हवी आणि घराला जिना नको. माझी अट एकच, एखादं जुनं चिंचेचं नाहीतर आंब्याचं झाड असावं. रोप लावून सावलीची वाट बघायला आता वेळ नाही.

पहिली जागा हायवेपासून आत, वीस गुंठे काळं रान. एजंट म्हणाला, सोनं आहे. मी ओळखीच्या गवंड्याला सोबत नेलं होतं. त्यानं रानातल्या एका भेगेत हातातली काठी सोडली, ती निम्मी आत गेली. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं घर तिच्याबरोबर हलतं. भिंतींना तिरक्या चिरा पडतात त्या यामुळेच. मुरूम लागेपर्यंत खोदायचं तर निम्मे पैसे पायातच जाणार. शिवाय जायला वाट होती ती शेजाऱ्याच्या बांधावरून, कागदावर नव्हतीच. जमीन महसूल कायद्याच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे रस्ता मागता येतो. पण ज्या शेजाऱ्याच्या भरवशावर म्हातारपण काढायचं, त्याच्याशीच तारखांनी सुरुवात कोण करणार?

दुसरी जागा मनात भरली होती. मुरमाड उतार, विहिरीत वाटा, बांधावर दोन आंबे. आमचं आडनाव पाटील. फोनवर आठ दिवस "पाटीलसाहेब, पाटीलसाहेब" चाललं होतं. इसाराची पावती करायला बसलो, पूर्ण नाव सांगितलं, आणि लिहिणाऱ्याचं पेन क्षणभर थांबलं. दोन दिवसांनी निरोप आला, मालकाच्या मुलाचा विचार बदलला. ‘जागा विकणे आहे’ ही पाटी तिथं अजून आहे. यावर जास्त लिहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी अनेकांना हे पेन थांबणं माहीत आहे, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना मी कितीही लिहिलं तरी ते ऐकू येणार नाही.

तिसऱ्या ठिकाणी मालकानं सरळ विचारलं, "गुरुजी, तुम्ही शेतकरी आहात का?" प्रश्न रास्त होता. 1948 च्या कूळ कायद्याच्या कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणून मी आमच्या गावचा सातबारा आणायला गेलो.

तेहेतीस गुंठे जिरायत, अब्बांचं. गावाला लागून असलेला माळ. अब्बा 2004 साली गेले, अम्मी त्यांच्या आधीच गेली होती. मागे आम्ही दोघं, आपा आणि मी. सातबाऱ्यावर मात्र माझं एकट्याचं नाव. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण फेरफाराची नक्कल हातात घेऊन पहिल्यांदाच वाचली : बहिणीने ‘स्वखुशीने’ हक्क सोडला आहे. तो दिवस आठवला. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून बाहेर पडल्यावर मी आपाला साडी घेतली होती, दोघांनी मिसळ खाल्ली होती. सगळ्या गावात असंच होतं. आमच्यात आणि इतरांत या बाबतीत काडीचा फरक नाही. बहीण सही करते, भाऊ साडी घेतो.

सूरह निसामधले हिस्से मला पाठ आहेत. मुलाला दोन, तर मुलीला एक. तेहेतीसातले अकरा गुंठे आपाचे. कायद्याची पळवाटही माहीत आहे. 1937 च्या शरियत कायद्याच्या कलम 2 मधून शेतजमीन वगळलेली आहे, आणि त्याच्याआड बसून रूढीचं नाव सांगणारे पुष्कळ आहेत. हेच लोक तलाकची गोष्ट निघाली की शरियतमध्ये ढवळाढवळ नको म्हणून पुढे येतात. मीही त्यातलाच होतो, फक्त गप्प बसून.

आपा आता मिरजेला असते. तिचे मियाँ जाऊन सहा वर्षं झाली. मी गेलो, चहा झाला, आणि म्हटलं, "आपा, तुझे अकरा गुंठे राहिलेत माझ्याकडे."

ती बराच वेळ कपबश्या आवरत राहिली. मग म्हणाली, "आत्ता कसं आठवलं रे तुला?"

खरं उत्तर एकच होतं. मला शेतकरी असल्याचा दाखला हवा होता, म्हणून. तेच सांगितलं. ती हसली. मला ते हसणं बरं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

मी बाजारभावानं पैसे देतो म्हटलं. तिचा मुलगा लगेच मोबाइलवर हिशोब करायला लागला. आपा म्हणाली, "पैसे नंतर बघू. आधी त्या कागदावर माझं नाव घाल. अब्बांच्या नावाखाली मला माझं बघायचंय."

वाटलं तितकं ते सोपं नाही. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे जिरायतीत वीस गुंठ्यांच्या आतला तुकडा वेगळा पाडता येत नाही, त्यामुळे अकरा गुंठ्यांचा सातबारा स्वतंत्र निघणार नाही. वकिलांनी वाट सुचवली. तुकडा पाडायचा नाही, एक तृतीयांश अविभक्त हिश्श्याचं नोंदणीकृत बक्षीसपत्र करायचं आणि दोघांची नावं एकाच सातबाऱ्यावर ठेवायची. मुद्रांक शुल्क मी भरलं. एवढं तरी माझ्याकडे लागतंच.

आणि मग घर माळावरच बांधायचं ठरलं, इतके दिवस उगाच वणवण केली. अब्बा म्हणायचे, या माळावर कुसळंसुद्धा रुसून येतात. दोन फुटांवर मुरूम आहे. पिकाला वाईट ती जमीन पायाला चांगली. झाडही आहे, चिंच.

नकाशा मी स्वतः वहीत काढलाय. सगळं एका पातळीवर, दारं तीन फुटी, म्हणजे उद्या चाकाची खुर्ची आली तरी अडायला नको. वजूसाठी बसायला कट्टा आणि खाली पायाशी नळ. उभ्यानं बेसिनमध्ये पाय धुण्याचे माझ्या गुडघ्यांचे दिवस संपले. हजार चौरस फुटांच्या छपरावर 100 मिलीमीटर पाऊस पडला की नऊ हजार लिटर पाणी होतं, ते टाकीत घ्यायचं. किब्ला इथून पश्चिमेच्या थोडा उत्तरेला येतो, म्हणून संडासाचं भांडं उत्तर-दक्षिण. गवंडी वास्तुशास्त्र मानणारा. "गुरुजी, उत्तरेला डोकं करून झोपू नका बरं का," म्हणाला. मी म्हटलं, बाबा, आमचं ते शेवटी होणारच आहे, तोवर तुझं ऐकतो.

एक खोली आपासाठी काढलीय. तिनं वही हातात घेतली, खिडकी खोडली आणि चिंचेच्या बाजूला नवी काढली. त्या बाजूला मी बाथरूम धरलं होतं. आता ते हलवावं लागेल, पाइपाचा खर्च वाढेल. तलाठ्यांनी फेरफाराची नोटीस काढलीय, हरकतीचे पंधरा दिवस सुरू आहेत. पाया त्यानंतर.