पाचशे रुपयांची पावती

२०१८ च्या शिमग्यात गावदेवीची पालखी आमच्या दारात आली नाही. आईने अंगण सारवून रांगोळी घातली होती. खण, नारळ, तांदूळ, सुपारी असं ओटीचं ताट भरून ठेवलं होतं. ढोल वरच्या घराशी वाजला, जरा थांबला आणि एकदम खालच्या घराशी वाजायला लागला. मधलं घर आमचं. ढोलाचा आवाज वहाळापलीकडे जाईपर्यंत आई ताट हातात घेऊन ओट्यावर उभी होती.

मी आदल्या रात्रीच्या एसटीने मुंबईहून आले होते. "ते येणार नाहीत हे तुम्हाला माहीत होतं ना?" मी बाबांना विचारलं.

"माहीत होतं," बाबा म्हणाले. "पण देवी येणार नाही, असं कसं धरून चालायचं?"

आमचा गुन्हा एवढाच, की बाबा कोर्टात गेले होते. शेताकडे जाणाऱ्या आमच्या वाटेवर शेजाऱ्याने गडगा घातला. प्रश्न आधी गावकीपुढेच गेला. दक्षिण रायगडातल्या आमच्यासारख्या गावात सगळंच आधी गावकीपुढे जातं. शेजाऱ्याची गावकीत वट होती. निकाल त्याच्या बाजूने लागला. बाबांनी सरकारी मोजणी आणली, सातबारा-नकाशे गोळा केले आणि तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. गावकीने बोलावलं आणि सांगितलं, दावा मागे घ्या, पंचवीस हजार दंड भरा आणि देवळात नारळ ठेवून माफी मागा. गावाचा प्रश्न गावाबाहेर नेला, हा अपराध. वाट कोणाची, हे त्या बैठकीत कोणी विचारलंसुद्धा नाही.

बाबा "नाही" म्हणाले. मग ठराव झाला, आणि तो गावात झाला नाही. कोकणातल्या गावाचा निम्मा जीव मुंबईत असतो. आमच्या मुंबई मंडळाची सभा एका चाळीतल्या खोलीत रविवारी सकाळी भरते. तिथे हात वर झाले आणि आमचं घर वाळीत पडलं. मी त्याच शहरात, लोकलने पाऊण तासावर राहते. मला कोणी कळवलं नाही. सभेला बायका बोलावत नाहीत, आणि मला भाऊ नाही.

वाळीत म्हणजे काय, हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. पण ते किती बारीक असतं हे घरात आल्यावर कळतं. गिरणीवाल्याने आमचं दळण ठेवून घेतलं नाही. दुकानदार इतर गिऱ्हाईकं जाईपर्यंत आईला उभं करायचा आणि मग "संपलंय" म्हणायचा. नळावर आई गेली की बाकीच्या बायका हंडे उचलून बाजूला व्हायच्या. भावकीतल्या लग्नाची पत्रिका आली नाही. आमच्याशी बोलेल त्याला पाचशे रुपये दंड होता. कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही, दारावर दगड टाकला नाही. म्हणून तर बाहेरच्या माणसाला यात काही घडलंय असंच वाटत नाही.

जून संपला आणि खरा फास आवळला. आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. पैसे देऊन मजूर आणायची ऐपत थोड्यांचीच. आमची सावड तुटली. तरवा तयार होऊन तीन आठवडे झाले, चार झाले. तो जून व्हायला लागला, बुडाशी पिवळा पडायला लागला. मी दहा दिवसांची रजा टाकली. बाबा चिखलणी करायचे, मी आणि आई तरवा काढून लावायचो. शेजारच्या खाचरात वीस माणसं गाणी म्हणत लावत होती आणि आम्ही तिघं मुक्याने. चौथ्या दिवशी माझी बोटं सुजून मिटेनात. निम्मं खाचर पडीक राहिलं.

त्याच दिवसांत शेजारच्या काकूंनी आईला हातभर उंचीच्या कुंपणावरून ताकाचा तांब्या दिला. कोणी तरी पाहिलं. संध्याकाळी काकूंना दंड झाला. त्यांनी तो भरला आणि पावती मागितली. गावकीनेही ती दिली, कारण आपण काही चूक करतोय असं त्यांना वाटतच नव्हतं. पावतीपुस्तक देवळाच्या वर्गणीचं. वर देवीचं छापील चित्र, खाली "देणगीदाखल" असा छापील शब्द. तो निळ्या पेनाने खोडून वर "दंड" लिहिलेलं, आणि पुढे "गावनियम मोडल्याबद्दल रु. ५००/-". खाली सही. ती पावती काकूंनी चार घड्या घालून रात्री आमच्या खिडकीतून आत टाकली.

तालुक्याच्या पोलीस ठाण्यात आम्ही दोनदा गेलो होतो. पहिल्यांदा "गावातलं आहे, गावात मिटवा" असं ऐकून परत आलो. दुसऱ्यांदा अदखलपात्र म्हणून नोंद करून हातात एनसीचा कागद दिला. "तुमच्याशी बोला अशी सक्ती आम्ही कोणाला कशी करणार, ताई?" तिथल्या साहेबांनी विचारलं. प्रश्न मनापासून होता. मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर मला दिलं अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या एका कार्यकर्त्याने. समितीने २०१३ मध्ये नाशिकमधून जातपंचायतींच्या विरोधात मोहीम सुरू केली होती. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तरी ती थांबली नाही. कार्यकर्त्याने राजपत्राची छापील प्रत माझ्यापुढे ठेवली. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये एकमुखाने मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ मध्ये तो लागू झाला. असा कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. मी ती प्रत एसटी स्टँडवरच्या बाकावर बसून वाचली. धार्मिक किंवा सामाजिक कार्यात सामील होऊ न देणं, संबंध तोडायला लावणं, व्यवहार बंद करणं. आमच्या घरात जे जे घडलं होतं, ते तिथे कलमात होतं. गावकी, पंचायत, मंडळ, नाव काहीही असो आणि नोंदणी असो वा नसो, कायदा तिला धरतो. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि गुन्हा दखलपात्र. म्हणजे साहेबांनी लिहून दिलेली एनसीच चुकीची होती.

मला त्या बाकावर रडू आलं. शिक्षेचा आकडा वाचून नाही. जे आम्ही "गावाने टाकलंय" एवढ्या दोन शब्दांत गिळत होतो, त्याला गुन्हा म्हणणारं कोणी तरी आहे, म्हणून.

मग मागचं वाचत गेले. १९४९ मध्ये मुंबई राज्याने बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्याच्याही आधी, १९४७ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या मसुद्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा, असं मागितलं होतं. त्यांना ते का मागावंसं वाटलं, हे आमच्या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर माणसांना मार खावा लागला, आणि सार्वजनिक तळ्याच्या पाण्यावरचा तो हक्क मुंबई उच्च न्यायालयात शाबीत व्हायला १७ मार्च १९३७ उजाडला. वाळीत टाकायचं हत्यार या मातीत पिढ्यान्‌पिढ्या दलितांवर चाललं. आम्ही कुणबी. आमच्या वाट्याला जे आलं ते त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, हे मी इथे स्पष्ट लिहिते.

तक्रार मी नव्याने लिहिली. तारखा, नावं, गिरणी, नळ, पालखी आणि सोबत पावतीची झेरॉक्स. ठाण्यात घेतली नाही, तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४(३) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवली. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवावाच लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिताकुमारी प्रकरणात सांगितलंय, ते वाक्यही त्यात घातलं. तिसऱ्या आठवड्यात ठाण्यातून फोन आला. आठ जणांवर गुन्हा दाखल झाला.

सगळं पावतीवर उभं होतं, आणि पावती काकूंची. त्यांचा जबाब लागणार होता. आई त्यांच्याकडे गेली नाही. "ती आधीच आपल्यापायी पाचशेला गेलीय," म्हणाली. काकू आपणहून आल्या, दिवसाढवळ्या, पुढच्या दाराने. त्यांच्या मुलाच्या लग्नाचं बघणं चाललं होतं. गावाविरुद्ध जबाब दिला तर स्थळं येणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं. पोलिसांपुढे त्या एवढंच म्हणाल्या, "पैसे मी दिलेत. कशाचे दिले ते त्यांनीच लिहिलंय."

आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला संपवावा, असं कायदा म्हणतो. आमच्याकडे दीड वर्ष नुसत्या तारखा पडल्या आणि मग कोविड आला. पण गुन्हा नोंदल्यापासूनच गाव सैल होऊ लागलं होतं. गिरणीवाल्याने आधी दळण घेतलं. पुढच्या लावणीला भावकीतले दोघे आले, काही न बोलता खाचरात उतरले.

या काळात एका रात्री बाबांनी मला जे सांगितलं ते सांगितल्याशिवाय हे लिहिणं खोटं ठरेल. पंधराएक वर्षांपूर्वी गावातलं एक घर वाळीत टाकलं होतं. मुलाने दुसऱ्या जातीतली मुलगी केली म्हणून. ते कुटुंब गाव सोडून गेलं. "तेव्हा मीही हात वर केला होता," बाबा म्हणाले. "सगळ्यांनी केला, म्हणून केला. त्या घरचा माणूस माझ्याकडेच बघत होता." त्या घराचं छप्पर आता बसलंय, ओट्यावर करवंदीची जाळी वाढलीय. शाळेत जाता-येता मी त्याच्यावरून रोज जायचे.

२०२१ मध्ये गावकी तडजोडीला आली. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तरच हा गुन्हा मिटवता येतो, त्यामुळे पहिल्यांदाच त्यांना बाबांचं ऐकून घ्यावं लागलं. बाबांनी पैसे मागितले नाहीत. कोर्टात किंवा पोलिसांत जाण्यावरून यापुढे कोणालाही दंड किंवा बंदी होणार नाही, असं गावकीच्या वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि काकूंचे पाचशे परत करा, एवढंच सांगितलं. मला हे कमी वाटलं. तीन वर्षं आई नळावर एकटी उभी राहिली, त्याचं काय, असं मी भांडले. पण दाद मागायचा हक्क त्यांचा होता, तसा थांबायचाही. सह्या झाल्या. २०२२ च्या शिमग्यात पालखी दारात आली. आईने ओटी भरली आणि ताट उचलून आत गेली. नाचायला थांबली नाही.

वाटेचा दावा अजून चालू आहे.

हे लिहिते आहे ते माझ्यासारख्या मुंबईकरांसाठी. तुमच्या गावाच्या मंडळाची सभा येत्या रविवारी कुठल्या तरी खोलीत भरेल. एखादं घर टाकायचा विषय निघाला, तर लक्षात ठेवा, त्या ठरावाच्या बाजूने मत देणारा प्रत्येक जण या कायद्याने गुन्हेगार ठरतो. तुमचा हात खालीच राहू द्या, आणि विरोध वहीत नोंदवायला लावा. तुमच्या गावात असं घर आधीच असेल, तर सुट्टीत गेल्यावर त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा आणि पाणी मागा.