निष्फळ खर्च

सारी हयात दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात घालविलेल्या माणसाला घरच्याच हिशेबाने पेचात पकडावे, यासारखी नामुष्की नाही. माझ्यावर ती निवृत्तीनंतर, बंगळुरात आली.

बदल्यांच्या निमित्ताने आम्ही अनेक गावांचे पाणी प्यालो, सौ.चा गोडा मसाला मात्र कधी बदलला नाही. आमच्याकडे नोकरीसाठी राहिलेल्या पुतणीने एके दिवशी तो मसाला, मेतकूट आणि तिळाची चटणी ऑनलाइन बाजारात मांडली. पण त्या बाजारात नुसते दुकान थाटून भागत नाही. शेकडो मसाल्यांच्या गर्दीत आपली बरणी वर दिसावी असे वाटत असेल तर जाहिरात द्यावी लागते. तिची रीत मोठी विलक्षण! जाहिरात दिसली म्हणून पैसे पडत नाहीत. कोणी तिच्यावर टिचकी मारून दारात आला, की पडतात. मग तो माल घेवो वा न घेवो. ग्राहक जो शब्द लिहून शोध घेतो, त्या शब्दावर विक्रेत्यांनी बोली लावायची. शोधशब्दांचा हा लिलाव 1998 साली अमेरिकेतील गोटू या संस्थेने सुरू केला आणि 2002 साली गूगलने टिचकीमागे दाम घेण्याची पद्धत स्वीकारली. फ्लिपकार्टने 2007 साली ज्या बंगळुरात पुस्तके विकण्यापासून आरंभ केला, त्याच शहरात आता आमच्या सौ.ही बोली लावू लागल्या.

पहिल्याच महिन्यात भिशीचे नऊ हजार रुपये गेले. टिचक्या पंधराशे, विकलेल्या बरण्या चाळीस! बरणीची किंमत तीनशे. जिन्नस, बाटली, टपाल आणि बाजाराचे शुल्क वजा जाता हाती उरत बहात्तर. टिचकी सहा रुपयांना. म्हणजे बारा टिचक्यांत एक बरणी खपली तर जेमतेम बरोबरी. येथे तर साडेसदतीस टिचक्यांना एक! सौ. काही बोलल्या नाहीत; पण त्या महिन्यात खोबऱ्याची ऑर्डर गेली नाही, एवढे माझ्या ध्यानात आले.

मी कागद मागविले. तिन्ही जिन्नस एकाच मोहिमेत, एकाच रकमेत कोंबलेले होते. आपल्या सरकारी हिशेबात रुपयाला सहा पायऱ्यांचे, पंधरा अंकी लेखाशीर्ष लागते. तेव्हा कुठे तो कशासाठी गेला ते कळते. मी पुतणीला तेच सांगितले. ती हसून म्हणाली, "काका, इथंही तसंच करतात." मग प्रत्येक जिन्नसाची स्वतंत्र मोहीम झाली. त्यातही दोन भाग: एक स्वयंचलित, अल्प रकमेची, लोक कोणते शब्द लिहितात ते हुडकण्यासाठी, दुसरी आपल्या हातची, ज्या शब्दांनी विक्री झाली तेवढ्यांसाठी, त्यांच्या बोलीसह. शब्द दुसरीत नेला की पहिलीत तो वर्ज्य करायचा, म्हणजे एकच खर्च दोन खाती पडत नाही. 'गरम मसाला' आणि 'सांबार पुडी' शोधीत चुकून आमच्या दारी येणाऱ्यांसाठी ते शब्दच बंद केले. गळती थांबली.

तेव्हा मला चेव चढला. दर रविवारी शोधशब्दांचा अहवाल घेऊन मी तांबडी पेन्सिल चालवू लागलो. एका ओळीवर ती थांबली: 'गोडा मसाला कांदा लसूण नसलेला'. टिचक्या एकतीस, विक्री शून्य. मी समासात शेरा मारला: निष्फळ खर्च, बंद करावा.

सौ.नी कागद हाती घेतला. "अहो, गरम मसाला शोधणारे चुकून आले होते. ही माणसं तर आपल्याच दारी आली होती. ती परत का गेली, हे कोण विचारणार?"

आम्ही आमचेच पान उघडून पाहिले. धणे, तीळ, दगडफूल, नागकेशर यांची वर्णने होती. कांदा-लसूण नाही, हे मात्र कोठेच लिहिलेले नव्हते. घरात ते इतके गृहीत, की सांगावे असे कोणाला सुचलेच नाही. एक ओळ वाढविली. पुढच्या महिन्यात त्याच शब्दावर चाळीस टिचक्यांत सात बरण्या गेल्या.

त्या रात्री मला फार वर्षांपूर्वीचा एक अर्ज आठवला. एका कार्यालयात कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी एक बाई तीनदा आल्या होत्या. तिन्ही वेळा मी 'कागदपत्रे अपूर्ण' असा शेरा मारून अर्ज परत केला. शेरा नियमाला धरून होता. कोणता कागद हवा, ते मात्र मी लिहिले नव्हते. चौथ्यांदा त्या आल्या नाहीत, आणि माझ्या नोंदवहीत प्रकरण निकाली निघाले.

शब्दांचा अहवाल अजून दर रविवारी माझ्यापुढे येतो. हल्ली मी आधी आमचे पान उघडतो आणि मग तांबडी पेन्सिल शोधतो.