पुलाखालची चित्रे

अमेरिकेच्या नैर्ऋत्य टोकास, मेक्सिकोच्या सीमेजवळ, सॅन डिएगो हे बंदराचे शहर आहे. तेथील उपसागर ओलांडून कोरोनाडो नावाच्या गावास जाणारा एक लांबलचक निळा पूल आहे. मोठमोठी आरमारी जहाजे खालून जाता यावीत, म्हणून तो सुमारे २०० फूट उंच बांधलेला आहे. मोटारीने त्यावरून जाणाऱ्या प्रवाशास समुद्र दिसतो, बंदर दिसते, दूरची गलबते दिसतात. परंतु या पुलाचे खरे वैभव मात्र दिसत नाही, कारण ते त्याच्या चाकांखाली असते.

ते पाहावयाचे, तर बारिओ लोगन या वस्तीत पायीच गेले पाहिजे. तेथे पूल जमिनीस टेकतो आणि त्याला तोलून धरणाऱ्या प्रचंड काँक्रीटच्या खांबांचे जणू रानच लागते. पण हे रान रुक्ष नाही. खांब पायथ्यापासून माथ्यापर्यंत रंगांनी नटलेले आहेत. कोठे मेक्सिकोच्या प्राचीन लोकांचा देव केत्सालकोआत्ल हा पिसांचा सर्प वेटोळे घालून बसला आहे, कोठे ग्वादालूपेची माता तेजोवलयात उभी आहे, तर कोठे शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी लढलेला झापाता पाहणाऱ्यावर आपली करडी दृष्टी रोखून आहे. डोक्यावर वाहनांचा अखंड घरघराट चालू असतो आणि खाली हिरवळीवर मुले खेळत असतात.

हे खांब त्या वस्तीने मागून घेतलेले नव्हते. मेक्सिकोत १९१० साली क्रांतीचा वणवा पेटला, तेव्हा कित्येक कुटुंबे उत्तरेकडे आली व येथे स्थिरावली. त्यांच्या मुलानातवंडांपैकी अनेकजण स्वतःस अभिमानाने ‘चिकानो’ म्हणवितात. १९६३ साली एका मोठ्या महामार्गाने या वस्तीचे दोन तुकडे केले. पुढे १९६९ मध्ये हा पूल वाहतुकीस खुला झाला. घरे गेली, दुकाने गेली, शेजारी पांगले. आणि उरलेल्या घरांच्या शेजारी मोडक्या मोटारींची भंगारखाने येऊन बसली. पुलाखालच्या रिकाम्या जागेत बाग करून मिळेल, एवढेच काय ते आश्वासन रहिवाशांच्या पदरी पडले होते.

२२ एप्रिल १९७० रोजी तेथे जमीन सपाट करणारी यंत्रे आली. एका तरुण विद्यार्थ्याने चौकशी केली, तेव्हा समजले की, काम बागेचे नसून महामार्ग-पोलिसांच्या ठाण्याचे आहे. ही वार्ता घरोघर पोहोचली. विद्यार्थी आले, गृहिणी आल्या, शाळकरी मुले आली. हातात हात गुंफून त्यांनी यंत्रांभोवती साखळी केली. कुणी कुदळ घेतली, कुणी निवडुंग व फुलझाडे लावली. बाग देणार नसाल, तर आम्हीच करतो, असे त्यांनी कृतीनेच सांगितले. बारा दिवस त्यांनी ती जागा सोडली नाही. अखेरीस सरकारला नमते घ्यावे लागले आणि ‘चिकानो पार्क’ जन्मास आले.

बाग झाली, पण खांब तसेच करडे व उदास उभे होते. ज्यांनी आपली घरे गिळली, त्यांनाच सजवावयाचे, ही कल्पना प्रथम विचित्र वाटते. याच वस्तीत वाढलेल्या साल्वादोर तोरेस या चित्रकाराला मात्र त्या खांबांत कोरे पट दिसले. १९७३ साली चित्रकामास आरंभ झाला. प्रथम पुलाच्या उतारालगतच्या भिंती रंगल्या, मग खांबांची पाळी आली. खडबडीत काँक्रीट घासून पुसून घ्यावयाचे, त्यावर अस्तराचा रंग चढवावयाचा, परांचीवर उभे राहून आकृती रेखावयाच्या, अशी ही मेहनत होती. कसलेल्या चित्रकारांच्या बरोबरीने वस्तीतील सामान्य माणसांनीही हाती कुंचले घेतले. साहजिकच काही ठिकाणी रेषा अडखळली आहे. चोखंदळ रसिक तिला नावे ठेवील. पण त्या रेषेपाशी थांबणारे लोकही कमी नाहीत.

चित्रे नुसत्या देवदेवतांचीच नाहीत. १९७७ मधील एका चित्रात शेजारच्या भंगारखान्यांविरुद्धचा निषेध आहे. वस्ती हवी, भंगार नको, असा त्याच्या शीर्षकाचा आशय. पुढाऱ्यांकडे दिलेला अर्ज कपाटात पडून राहू शकतो. वीस-पंचवीस फूट उंचीचा अर्ज रस्त्याने जाणाऱ्या कुणासही वाचावाच लागतो!

२०१६ साली अमेरिकेच्या शासनाने या बागेस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. एके काळी जिथे पोलीस ठाणे व्हावयाचे होते, त्या जागेचा हा मान.

मात्र मानाने रंग टिकत नाहीत. समुद्राची खारी हवा आणि ऊन त्यांना हळूहळू फिकट करीत राहतात. म्हणून २०११–१२ च्या सुमारास पुष्कळ जुनी चित्रे नव्याने रंगविण्यात आली. ज्यांनी तरुणपणी ती काढली होती, त्यांपैकी काहीजण तोवर वृद्ध झाले होते. तेही पुन्हा परांचीवर चढले आणि आपल्याच जुन्या रेषांवरून कुंचला फिरवू लागले.